कार्बनच्या कांडीचं बक्षीस

फिल्म तुटली की आमचे ऑपरेटर त्या दिवशी जेवायचे नाहीत. खोटं वाटेल, पण त्यांचा डबा भरलेला तसाच परत गेलेला मी या डोळ्यांनी बघितलाय. तुटलेली फिल्म जोडताना दोन्ही टोकं जरा जरा कापावी लागतात, त्यात एखाददुसरं चित्र जातं. पडद्यावर ते कुणाच्या बापाला कळत नाही, पापणी लवेपर्यंत खेळ पुढं गेलेला असतो. पण या गृहस्थांना ते लागायचं. "त्यात कुणीतरी उभं हुतं ना," म्हणायचे. आणि याच माणसानं एका रविवारी सकाळी, पूर्ण शुद्धीत, कात्री घेऊन दुसऱ्याच्या मालकीच्या सिनेमातून दोन्ही हात पसरून मावेल एवढी पट्टी कापून काढली.

त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांनाच ते आवडलं नसतं. कुणी नाव विचारलं की म्हणायचे, "सिनेमाच्या सुरवातीला एवढ्या पाट्या येतात, त्यात ऑपरेटरचं नाव असतं का? मग तुमाला कशाला पायजे?"

श्रीरामपूरला बाजारपेठेच्या तोंडाशी आमचं थेटर होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं बाकडी, मागं खुर्च्या, वर एवढीशी बाल्कनी. मी खाली दारावर, ते वर केबिनमध्ये. केबिन म्हणजे भट्टीच. प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर पेटायच्या, त्यांच्या उजेडावर सगळा खेळ. एप्रिल-मेमध्ये आत पाय टाकला तरी माझा जीव कासावीस व्हायचा आणि हे महाशय त्या भट्टीत काळा कोट घालून उभे! वरचं बटण लावून! मी एकदा म्हटलं, "अहो, काढा की तो कोट, कोण बघतंय तुम्हाला?" तर मलाच म्हणाले, "आपण शो देतो. शो देनाऱ्यानं कोट घालावा." आता बोला.

जातीनं ते बौद्ध. छप्पन साली घरच्यांबरोबर दीक्षा घेतलेली. मिशनच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिकपर्यंत शिकलेले, इंग्रजी वाचायचे. कँटीनमध्ये त्यांचा कप वेगळ्या खिळ्याला असायचा. तेव्हा आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं. मीच रोज त्या खिळ्यावरचा कप काढून चहा भरून वर नेऊन द्यायचो, आणि आपण किती चांगले, ऑपरेटरला जागेवर चहा देतो, असं स्वतःला शाबासकी द्यायचो.

माझंही एक कसब होतं, ते सांगून टाकतो. मी राहात्याकडचा, कुणब्याच्या घरातला. जनावराच्या खुरावरून त्याची चाल ओळखणारी आमची जात. दारावर मी कधी तिकीट वाचायचो नाही. हातानं फाडायचो, पण नजर खाली, पायांवर. अनवाणी आला की "पुढं बाकड्यावर". चप्पल असली की "खुर्चीत". बूट वाजले की मी आपोआप बाजूला व्हायचो, "वर, साहेब, बाल्कनी." सहा वर्षांत एकदा चुकलो असेन, तोही एक लंगडा वकील होता, त्याच्या पायात मोडकी चप्पल होती. ऑपरेटरांना याचं भारी कौतुक. एकदा खाली येऊन अर्धा तास माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "तिकीट न बघता कसं वळखता हो तुमी? ही विद्या हाय." आणि खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. मी चार दिवस हवेत होतो.

ती वही म्हणजे एक प्रकरणच होतं. वर पहिल्या पानावर झोकदार अक्षरात लिहिलेलं, 'कडेची माणसं'. सिनेमा चालू असला की सगळं थेटर हिरोकडं बघायचं आणि हे केबिनच्या भोकातून पडद्याच्या कडेला बघायचे. पालखी उचलणारे, मशाल धरून उभे राहणारे, पाटलाच्या वाड्याबाहेर हात जोडून बसलेले, मढ्यामागं चालणारे. मी वर गेलो की माझं मुंडकं धरून भोकाला लावायचे. "कडंला बघा, कडंला! तो डावीकडचा, घोडा धरलेला. मागच्या म्हैन्यात दुसऱ्या खेळात हुता, तवा पखाल घेऊन पाणी वाढत हुता. बरं काम करतो गडी. घोड्याला भितो, पन दाखवत न्हाई." मला घोडासुद्धा दिसायचा नाही. पण त्या वहीत अशी दीड-दोनशे माणसं होती. नाव कुणाचंच नाही. 'घोडेवाला, डावीकडे', 'रडणारी म्हातारी, विहिरीजवळ', असं.

मला वाटायचं, एकट्या माणसाला काहीतरी नाद हवा, तसा हा. पुढं काय वाढून ठेवलंय याची मला काय कल्पना!

मिशनच्या बंगल्यात एक अमेरिकन बाई राहायच्या. त्यांची जुनी मासिकं रद्दीत निघाली की बंगल्याचा माळी ती ऑपरेटरांना आणून द्यायचा. एका दुपारी मी चहा घेऊन वर गेलो, तर केबिनच्या भिंतीवर, बरोबर प्रोजेक्टरच्या वर, एक फोटो चिकटवलेला. दहा-बारा माणसं, बायका-पुरुष, सगळी काळीभोर. बायकांचे झगे जमिनीवर लोळतायत, पुरुष कोटात, आणि प्रत्येकाच्या हातात एक एक चकचकीत बक्षीस. हसतायत अशी की तोंडातले सगळे दात मोजावेत.

"हे कोण?" मी विचारलं.

"सिनेमातले लोक. अमेरिकेतले. आणि टेलिव्हिजनवरचे."

टेलिव्हिजन मी ऐकून होतो. मुंबईत नुकताच आलेला, घरातल्या घरात सिनेमा दिसतो म्हणे. पण हे लोक? "हे सिनेमात काम करतात?"

"आता कुटं कुटं करायला लागल्यात. आदी नोकर, गाडीवान, सैपाकीन, असलीच कामं. गोऱ्यांची बक्षिसं गोऱ्यांना. मग ह्यांनी ठरवलं, आपल्या मानसांचं काम आपन बघायचं आनि आपन बक्षीस द्यायचं. दर साली देतात. हॉल भाड्यानं घेऊन."

मी तर चाटच पडलो. "आपणच आपल्याला बक्षीस? ही कुठली रीत! घरच्या घरी सत्कार!"

ऑपरेटर शांतपणे कार्बन पुढं सरकवत म्हणाले, "तुमच्या गावच्या जत्रंत मानाचा फेटा कुनाला बांधतात?"

"पाटलाला."

"कोन बांधतं?"

पाटलाचा चुलतभाऊ बांधायचा. दर वर्षी. मी चहाचा कप उचलला आणि खाली आलो.

त्या दिवसापासून त्यांनी जळून उरलेली कार्बनची थोटकं टाकायची बंद केली. बोटभर कांडी, वरून तांब्याचा पातळ पत्रा, आत कोळसा. ती घासूनपुसून लाकडाच्या ठोकळ्यावर उभी बसवायची. एक केलं, दोन केली, पाच केली. मी हसलो तेव्हा म्हणाले, "हसू नका. खाली समद्यांना पांढरा उजेड दिसतो. पन वर जळतंय काय, ते मी बघतो ना रोज." बक्षिसं तयार झाली होती, आता मानकरी हवे होते.

दुष्काळाची सालं होती ती. मिरजगावकडं खडी केंद्रांवर हजारो माणसं दगड फोडत होती आणि तिथंच एका सिनेमा कंपनीनं जाऊन दुष्काळाचं चित्र काढलं. पुढच्या उन्हाळ्यात ते आमच्याकडं लागलं, तरी तिकडं खडी फोडणं चालूच होतं. सिनेमातली हिरोईन मूळची गोरीपान, लोण्यासारखी. तिला अंगभर काळं फासून खडी फोडणारी केली होती. पेपरात आलेलं, की काळं व्हायला बाईंना रोज दोन तास मेकअपला बसावं लागे. ऑपरेटरांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बिचारी. आमाला जल्मताच मिळतो."

त्या सिनेमात एक जागा होती. नुसते दोन हात दिसायचे, पडदाभर. डाव्या हातानं दगड धरलाय, उजव्यातला हातोडा खाली येतोय, टाक, टाक, टाक. दगड फुटतो, अंगठा जागचा हलत नाही. चार मोजेपर्यंत ती जागा संपायची. पहिल्याच दिवशी खेळ सुटल्यावर ऑपरेटरांनी मला वर बोलावलं. हातात फिल्म, डोळ्याला भिंग.

"हे बघा. हिच्या डाव्या मनगटावर गोंदलेला विंचू हाय. आनि हे आता मागचं बघा, हिरोईन भाकर खाते तवाचं. मनगट कोरं!"

मी बघितलं. खरंच होतं. विंचूही असा की त्याची नांगी अर्धीच गोंदलेली. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं.

"ह्ये हात तिचं न्हाईत," ऑपरेटर म्हणाले. "दुसरीच कुनीतरी हाय ही. आणि काय काम केलंय तिनं! अंगठा बघा, अंगठा!"

दुसऱ्या आठवड्याच्या सुट्टीला हे गृहस्थ एसटीनं मिरजगावला. कोट घालून खडी केंद्रावर गेले आणि रांगेनं बसलेल्या बायकांना म्हणाले, "बायांनो, जरा डावं मनगट दाखवा." देवीच्या लशीचा तेव्हा सगळीकडं जोर होता. बायकांना वाटलं, टोचायला डॉक्टर आला! निम्म्या बायका पोरांना घेऊन पळाल्या, उरलेल्यांनी दंडापर्यंत बाही वर करून हात पुढं केले. एक म्हातारी म्हणे, "आवो, मला गेल्या साली टोचलंय, आता कशाला?" हे तिची समजूत घालतायत तोवर मुकादम काठी घेऊन आला. मार खायचेच ते. पण रांगेच्या टोकाला बसलेली एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "विच्चू हुडकताय काय? त्यो हितं हाय."

ती गयाबाई. शेजारच्याच गावच्या बौद्धवाड्यातली, ऑपरेटरांची ना नात्याची ना गोत्याची. हिरोईनच्या हातांना दोन घावांत फोड आले, तेव्हा कंपनीवाल्यांनी हिला बोलावून बसवली. दिवसभर दगड फोडून घेतले, हिरोईनच्या बांगड्या घालायला दिल्या, संध्याकाळी बांगड्या काढून घेतल्या आणि चहा पाजून परत पाठवली. अर्ध्या नांगीचं कारणही तिनं सांगितलं. लहानपणी गोंदताना सुई लागली आणि ती बोंबलत पळाली, तेवढंच राहिलं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. तिनं घरी येऊन हौसेनं सांगितलं, की मी सिनेमात हाय. मिरजगावला तंबूत तो खेळ लागला तेव्हा सगळी गल्ली बघून आली. आणि कुणालाच ती दिसली नाही! दिसणार कुठून, चेहरा हिरोईनचा. घाईत कुणी मनगट बघतं का? तिची जाऊ तर चारचौघांत म्हणाली, "आमच्या गयाबाईला हिरोईन व्हायचंय." तेव्हापासून तिचं नावच 'सिनेमावाली' पडलं. पाण्याला गेली की पोरीबाळी हसायच्या. नवरासुद्धा एकदा म्हणाला, "कशाला खोटं बोलावं मानसानं?" तिनं ऑपरेटरांना एकच विचारलं, "त्ये हात माझं हायती, ह्ये तुमी माझ्या जावंला सांगाल का?"

ऑपरेटर म्हणाले, "मी सांगून काय उपेग? मी दाखवतो."

हे त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं, सगळं, अगदी म्हातारीच्या लशीसकट. म्हणजे गयाबाईचं रामायण मला पाठ होतं. हे मुद्दाम सांगतोय.

मग बातमी आली, की त्याच भूमिकेबद्दल हिरोईनला मुंबईत मोठं पारितोषिक मिळालं. 'कष्टकरी स्त्रीचे जिवंत दर्शन' असं काहीतरी छापून आलं होतं. आमच्या मालकांनी लगेच तो सिनेमा परत मागवला, 'पारितोषिक विजेता' म्हणून पोस्टर लावलं, रविवारचा मॅटिनी. ऑपरेटरांनी पेपर बाजूला ठेवला, कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "आपला समारंभ ह्या रविवारी."

रविवारी सकाळी मी चहा घेऊन वर गेलो आणि कप माझ्या हातातून पडायचाच राहिला. टेबलावर कात्री. भिंतीवरच्या खिळ्याला ती पट्टी लोंबकळतेय, हातांची.

"काय केलंत हे!" मी ओरडलोच. "परक्याची प्रिंट कापलीत? जेलात जाल! अहो, एवढंसं चित्र गेलं तर तुम्ही उपाशी राहता!"

"चार सेकंद हाय ती जागा," ते म्हणाले. त्यांचे हात थरथरत होते. "चार सेकंदात तिच्या जावंला काय दिसनार? थांबवून दाखवावं तर फिल्म जळती. म्हनून गोल जोड मारतो. दोन टोकं एकमेकांना. मग फिरत ऱ्हाईल, पायजे तितका येळ. दाखवून झालं की परत जागच्या जागी लावीन."

"मालकांना कळलं तर?"

"मालक आज नगरला गेल्यात." मग जरा थांबून म्हणाले, "कळंलच. कळू द्या. तुमी येक करा. बाल्कनीत पहिल्या रांगेतली मधली खुर्ची राखा. मानकरी येनार हायत. पास धाडलाय."

मी खुर्चीवर स्वच्छ पंचा टाकला. उदबत्तीसुद्धा लावली. आणि दारावर उभा राहून वाट बघत बसलो, बुटांची.

हसू नका. सगळं ठाऊक असताना, गयाबाई ठाऊक असताना, मला एकदाही असं वाटलं नाही, की पंचा टाकलेल्या खुर्चीवर ती बसणार आहे. मानकरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आपोआप साखर कारखान्याचा डायरेक्टर उभा राहिला, नाहीतर मामलेदार. तो येईल, त्याच्या हस्ते काहीतरी होईल, गयाबाईचं नाव घेतील, असं. आपल्याकडं असंच असतं ना!

गर्दी झाली. पाय येत होते, मी माणसं लावत होतो. त्या गर्दीत दोन बायका आणि एक पुरुष आले. तिघं अनवाणी. टाचांना भेगा, भेगांत फुफाटा. पुढची बाई म्हणाली, "दादा, ह्यो कागुद बगा की..."

मी मान वर केली नाही. कागदाचा कोपरा फाडला, परत तिच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "पुढं, पुढं चला, बाकड्यावर. वाट अडवू नका."

ती गेली. सकाळी पहिल्या एसटीनं मिरजगावहून निघून, नगरला गाडी बदलून आलेली बाई मी पडद्याच्या नाकासमोर बाकड्यावर पाठवून दिली, आणि मग पुन्हा बुटांची वाट बघायला लागलो.

पहिला भाग संपला. मध्यंतरात मी वर बघितलं, तर केबिनच्या भोकातून ऑपरेटरांचा डोळा त्या रिकाम्या खुर्चीवर. तीनदा त्यांनी मला खुणेनं विचारलं, "आले का?" मी तीनदा हात हलवला, "नाही." घंटा झाली. दिवे गेले. मला वाटलं, आता रद्द करतील. पण नाही. पडद्यावर एक स्लाईड आली. आमच्याकडं काचेवर काजळी धरून त्यावर जाहिराती लिहायचे, तशी. त्यांचंच अक्षर. 'कडेच्या माणसांचा पुरस्कार. मानकरी: गयाबाई. या हातांसाठी.'

आणि हात सुरू झाले.

टाक, टाक, टाक. दगड फुटला. पुन्हा तोच दगड, पुन्हा टाक, टाक. पहिल्या फेऱ्याला लोक गप्प बसले. तिसऱ्या-चौथ्याला शिट्ट्या सुरू झाल्या. "ओ ऑपरेटर, झोपला का?" "पिक्चर लावा!" हात आपले चालूच. बैलगाडीच्या चाकाएवढा अंगठा, दुभंगलेलं नख, मनगटावर अर्ध्या नांगीचा विंचू. एवढ्यात पुढच्या बाकड्यावर कुणीतरी उभं राहिलं आणि पडद्यावर तिची सावली पडली.

"माझं हायती!" बाई ओरडली. "आगं ये, बघ! माझं हात हायती! बघ की गं!"

"खाली बस! ए बाई!" मागून लोक खवळले. आणि उभ्या राहिलेल्याला खाली बसवणं हे तर माझं काम. मी टॉर्च पेटवून तणतणत पुढं गेलो. "ओ बाई, बसा खाली, समजतं का..." म्हणत टॉर्च तिच्यावर मारला. तिनं डावा हात वर धरलेला. टॉर्चच्या उजेडात मनगट. विंचू. अर्धी नांगी. आणि तिच्या मागं, वर, पडदाभर तोच विंचू.

तिच्या दुसऱ्या मुठीत तो मीच कोपरा फाडलेला कागद होता. मी तो ओढून घेतला आणि टॉर्चखाली धरला. सहा वर्षांत त्या दारावरचा पहिला कागद मी वाचला. 'बाल्कनी. पहिली रांग, मधली खुर्ची. मानकरी.'

तिच्याशेजारची बाई, म्हणजे जाऊ, उठली. तिनं गयाबाईचं मनगट धरलं, टॉर्चखाली ओढलं, खाली बघितलं, वर बघितलं, परत खाली बघितलं.

"आगं बया!" ती म्हणाली. "तुझंच की गं." तिनं गयाबाईच्या पाठीवर हात ठेवला. आणि मग भर थेटरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हात तुझं, मग त्वांड दुसरीचं का?"

शिट्ट्या थांबल्या. गयाबाईचा नवरा डोक्यावरची टोपी काढून नुसता हातात चुरगाळत बसला होता.

तेवढ्यात ऑपरेटर खाली आले. कोटात. दोन्ही हातांत तो ठोकळा, समोर धरून, देवाला ताट न्यावं तसा. त्यांनी वरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं, माझ्याकडं मात्र बघितलं नाही. बाकड्यांमधल्या चिंचोळ्या वाटेनं ते गयाबाईपाशी गेले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तुमचं काम मी बावीस वेळा बघितलं. अंगठा येकदाबी हलला न्हाई. हे घ्या."

तिनं घेतलं. लुगड्याच्या पदरानं पुसलं आणि जावेच्या हातात दिलं. "तू धर," म्हणाली, "माझ्यानं न्हाई धरवत." कुणीतरी मागून टाळ्या सुरू केल्या. काही जणांनी शिव्या दिल्या, काही उठून गेले, काहींनी टाळ्या वाजवल्या. वर कार्बन पुढं सरकवायला कुणी नव्हतं, त्यामुळं पडद्यावरचे हात आधी पिवळे, मग तांबडे झाले आणि विझले.

व्हायचं ते झालं. पट्टी परत जागी लावली तरी जोड लपत नाही. सोमवारी सकाळी कंपनीचा माणूस रिळं तपासायला आला आणि दुपारी मालकांनी ऑपरेटरांना काढून टाकलं. ना पोलीस, ना दंड, पण त्या लाईनीत पुन्हा कुठं काम मिळणार नाही, एवढं मालकांनी स्पष्ट सांगितलं. मी मालकांच्या खोलीच्या दाराशी उभा होतो. "प्रिंट कापताना तुझे हात कसे थरथरले नाहीत?" मालकांनी विचारलं. "थरथरले की," ऑपरेटर म्हणाले. बस, एवढंच.

त्यानंतर मी त्या दारावर आणखी बारा वर्षं काढली आणि एकेक तिकीट टॉर्चखाली धरून वाचलं. रांग खोळंबायची, लोक आईबहिणीवरून बोलायचे, म्हातारा वाचायला शिकतोय म्हणून टिंगल करायचे. करू देत.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी ते ट्रंक घेऊन दारावर आले. त्यांनी मला झापावं, शिव्या घालाव्यात, एक कानफटात द्यावी, असं मला फार वाटत होतं. मीच म्हटलं, "चुकलं माझं. तिनं कागद पुढं केला होता. मी बघितला नाही."

"तिच्या जावंनं बघितलं ना. बास झालं." त्यांनी ट्रंक खाली ठेवली, उघडली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. "हे तुमचं. पाच केलेली, त्यात येक तुमचं. कवाच करून ठेवलं हुतं."

कागद सोडला. ठोकळा. वर घासून चकचकीत केलेली कार्बनची कांडी. खाली चिठ्ठी चिकटवलेली, त्यांच्या त्या झोकदार अक्षरात. 'दारावरचा माणूस. तिकीट न बघता माणूस ओळखतो, याबद्दल.'

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "नको," मी म्हटलं, "पाया पडतो, अशी लाज काढू नका."

त्यांनी वाकून ती चिठ्ठी पुन्हा वाचली. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त धक्का बसलेला दिसला. मग त्यांनी हळूच ट्रंक उचलली.

"लाज काढत न्हाई हो," ते म्हणाले. "लिवलं तवा मला खरंच वाटलं हुतं."

आणि स्टेशनच्या दिशेनं चालू लागले.